रुमालाखालची बोली

सांगलीच्या हळद पेठेत माझे वडील तोलार होते.
बाळगोंडा मगदूम. हंगाम संपला तरी महिनाभर
त्यांच्या कानांच्या पाळ्या पिवळ्या असत.

सौदा रुमालाखाली व्हायचा.
अडत्याचा हात, व्यापाऱ्याचा हात, वर कापड.
आख्खं बोट म्हणजे काय, पेर म्हणजे काय,
दोनदा दाबलं तर काय,
दाबून जरा थांबलं तर काय,
हे त्या दोन तळव्यांनाच ठाऊक.
आम्हाला बाहेरून दिसायचं एवढंच:
कापड हलतंय.

गेली तेवीस वर्षं मी ते हलणारं कापड बघतेय.
पेशीचं.
बाहेरून एक रेणू येतो, पटलातल्या ग्राहीला टेकतो,
उंबरा ओलांडत नाही.
आतल्या अंगाला ग्राही जरासा मुरडतो,
शेजारच्या प्रथिनाला एक फॉस्फेट चिकटतं,
ते पुढच्याला चिकटवतं, ते त्याच्या पुढच्याला,
आणि तिकडे केंद्रकात
कुणीतरी वही उघडतं.

आज मिरजेला आम्ही बेचाळीस जण जमलो.
पोहे गार. प्रोजेक्टरने दोनदा मान टाकली.
धारवाडचे हेब्बळे सर म्हणाले,
ग्राहीला पेशीने आत ओढलं की निरोप संपला,
असं मी वर्षानुवर्षं शिकवलं. चुकलं.
तो आत, पिशवीत बसूनही बोलत राहतो.
आणि आतलं बोलणं वेगळं.
दार लावल्यावर माणसं बोलतात तसं,
मागच्या रांगेतून कोणी म्हणालं.
हसलो सगळे. चहा आला.

मग कऱ्हाडची रेहाना मुल्ला, पीएचडीचं तिसरं वर्ष.
निरोप पोचला की उजळणाऱ्या जिवंत पेशी.
एक लुकलुकत होती, थांबत, पुन्हा लुकलुकत.
दुसरी लागली ती विझेचना.
"रेणू तोच घातला होता. मात्राही तीच.
ही विभागत राहिली. तिने मात्र वाढ थांबवली,
हातपाय फुटल्यासारखी पसरली."

दोनदा दाबलं तर काय.
दाबून जरा थांबलं तर काय.
टेबलाखाली माझी बोटं आपोआप मिटली.

तिने सगळं दाखवलं, फसलेले प्रयोगसुद्धा.
"या आठ पेशींचं मला काहीच कळत नाही," म्हणाली,
आणि त्या आठही पडद्यावर तशाच ठेवून
शांतपणे पाणी प्यायली.

माझ्या पेनड्राइव्हवर सदतिसावी स्लाइड होती.
त्या आठ पेशींचं उत्तर नसेल, पण गल्ली तीच:
फॉस्फेट काढून घेणारं एक विकर,
जे आमच्या पेशींत ऐन वेळी गैरहजर सापडलंय.
छापून यायचंय अजून.
मी छत्तिसाव्या स्लाइडवर "धन्यवाद" म्हटलं.
टाळ्या झाल्या.

रात्री अप्पांना विचारलं, सौद्यात सगळ्यात वाईट काय?
"बोली चुकली तर पुढच्या पोत्याला भरून निघतीया.
पर एक व्यापारी व्हता, शिरोळचा.
सौदा झाला तरी हात सोडायचा न्हाई.
बोटं आखडायची का हाव सुटायची न्हाई, कुणास ठावं.
मग तिसऱ्या माणसानं रुमालात हात घालायचा
आन् एकेक बोट उलगडायचं."

एकेक बोट.
तिसरा माणूस.
आमच्या भाषेत त्याला विकर म्हणतात, अप्पा,
आणि तो नसला की गाठी होतात.
हे मी बोलले नाही. त्यांच्या डाव्या काखेतली
मागच्या वर्षीच काढलीय.

अकरा वाजून सहा मिनिटांनी
सदतिसावी स्लाइड रेहानाला पाठवली.
वर, खाली, काही न लिहिता.
दोन खुणा निळ्या झाल्या.
तीन ठिपके हलले. थांबले.
पुन्हा हलले. बराच वेळ थांबले.

"कुणाशी सौदा चाललाय एवढ्या रातीचा?"
अप्पांनी पडल्या पडल्या विचारलं.
"कितीला सोडलीस?"
फुकट, म्हटलं.
ते हसले की खोकले,
अंधारात कळलं नाही.